डागताईची टीम

मी संशयी माणूस आहे असं आमच्या लॉन्ड्रीत सगळे म्हणतात. म्हणेनात का. तेवीस वर्षं मी तिथली गाडी चालवतोय. पहाटे पाचला निघायचं, हॉटेलं, हॉस्पिटल, फुटबॉल क्लबचं मैदान असं फिरत मळक्या कपड्यांच्या पिशव्या गोळा करायच्या आणि संध्याकाळी धुतलेले कपडे पोचवायचे. पिशव्या मोजून घेतल्या नाहीत तर उद्या कोणीतरी म्हणणार की चार चादरी कमी आल्या, आणि खापर फुटणार माझ्या डोक्यावर. सांभाळून राहणाऱ्याला लोक संशयी म्हणतात, एवढंच.

पण ही हकिकत माझी नाही, डागताईची आहे. निदान सुरुवात तरी मी तिच्यापासूनच करतो.

डागताई आमच्याकडे मळके कपडे वेगळे करते. पिशवी तिच्या टेबलावर उपडी झाली की पांढरं इकडे, रंगीत तिकडे, आणि डाग असलेलं तिच्या पुढ्यात. डाग ती आधी बघते, मग हुंगते, मग नखाने थोडा खरवडते आणि सांगते, गंज आहे, शाई आहे, वंगण आहे. चुकत नाही. वय पंचावन्नच्या आसपास, अंगाने ठेंगणी, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, बोटांची टोकं बारा महिने सुरकुतलेली. एकोणिसाव्या वर्षी ती या टेबलाशी उभी राहिली. मधे लग्न झालं, दोन मुलं झाली, नवरा गेला, सासू अंथरुणाला खिळली. टेबल तेच राहिलं.

कपड्यांवरून तिला भलभलतं कळतं. हॉटेलातला आचारी बदलला की मॅनेजरच्या आधी हिला नॅपकिनवरून समजतं. पण बोलणार नाही. विचारलं तर म्हणेल, "आपलं काम डाग काढायचं, भाऊ." आता तुम्हीच सांगा, एवढं सगळं माहीत असून जो माणूस तोंड उघडत नाही, त्याच्यावर विश्वास कसा ठेवायचा? माझ्या मनात तर पहिल्यापासून पाल चुकचुकत होती.

आता खेळाचं सांगतो. वर्षातून प्रत्येकाला एक आठवडा सलग रजा मिळते. फुटबॉलचा सीझन संपला की पुढचे आठ आठवडे रजेचे, माणसंही आठच, आणि एका आठवड्यात एकालाच सोडतात. कोणी कुठला आठवडा घ्यायचा यावरून पूर्वी दरवर्षी डोकी फुटायची वेळ यायची. शेवटी मालक वैतागला. म्हणाला, तुमचं तुम्ही ठरवा, मला फक्त तक्ता भरून द्या. तेव्हापासून आम्ही तो फुटबॉलवर ठरवतो. मोबाईलवर लोक टीम बनवून खेळतात ना, तेच, पण आमचं भिंतीवरच्या कागदावर.

सीझनच्या आधी एका जेवणाच्या सुट्टीत आम्ही आठ जण बसतो. चिठ्ठ्या टाकून क्रम लावायचा आणि त्या क्रमाने एकेक खरा खेळाडू आपल्या टीमसाठी उचलायचा. एकाने उचलला की तो दुसऱ्याला नाही. हा आमचा ड्राफ्ट. मग शनिवारी तो खेळाडू मैदानावर जे काही करेल त्याचे गुण तुम्हाला. ड्राफ्टमध्ये फसलात तरी दुरुस्तीला वाव आहे. दर मंगळवारी चहाच्या वेळी एक खेळाडू सोडायचा आणि कोणीच न घेतलेल्यांपैकी एक उचलायचा. शेवटच्या नंबरवाल्याने आधी उचलायचं, पहिल्याने सर्वांत शेवटी. सीझनअखेर जो पहिला येईल तो रजेचा आठवडा पहिला निवडणार.

या वर्षी मला पहिलं यायचंच होतं. माझी मुलगी दूरदेशी नर्स आहे. तीन वर्षांत तिचं तोंड पाहिलं नव्हतं. तिला सुट्टी मिळाली होती नेमकी त्या आठांतल्या तिसऱ्या आठवड्यात. फोनवर तिने स्पष्टच सांगितलं. "बाबा, मागच्या वेळी मी आले तेव्हा तुम्ही पहाटे पाचला जायचात आणि रात्री आठला यायचात. आई गेल्यापासून त्या घरात एकटीने जेवायला मला नको वाटतं. तुम्हाला रजा मिळाली तर येते. नाहीतर तिकीट पुढच्या वर्षावर ढकलते." तिचं काही चुकलं नव्हतं. मी म्हटलं, मिळते की नाही बघ.

हे मी लॉन्ड्रीत कोणालाही सांगितलं नाही. का सांगू? गरज कळली की लोक अडवून धरतात. उलट मी हूल दिली. कोणी विचारलं की म्हणायचो, मला आठवा आठवडा हवाय, दाढेचं मोठं काम आहे, डॉक्टरने तेव्हाचीच वेळ दिलीय. गालावर हात ठेवून सांगायचो. सगळ्यांना पटलं.

ड्राफ्टमध्ये माझा दुसरा नंबर लागला आणि आमच्याच शहरातल्या क्लबचा नऊ नंबर, सगळ्यात जास्त गोल मारणारा, माझ्या वाट्याला आला. डागताईची चिठ्ठी आठवी. तिच्या हाती लागली ती गाळ टीम. दोन निवृत्तीला टेकलेले, एक सदा लंगडणारा, एक गोलकीपर ज्याला त्याचा क्लबसुद्धा बाकावर बसवायचा. इस्त्रीवाला तिला म्हणाला, "ताई, ही टीम धुवायला टाका." ती हसली आणि डबा उघडून उभ्याउभ्याच जेवायला लागली.

पाचव्या आठवड्यापासून मला खटकायला लागलं.

एका मंगळवारी तिने आमच्या क्लबचा सात नंबर सोडून दिला. चांगला फॉर्मात असलेला खेळाडू. मी मनात म्हटलं, बाईची अक्कल चरायला गेली. गुरुवारी पेपरात आलं, मांडीचा स्नायू दुखावला, सहा आठवडे बाहेर. पुढच्या मंगळवारी तिने कोणी नाव न ऐकलेला एक पोरगेला खेळाडू उचलला. शनिवारी तो पहिल्यांदा मैदानात उतरला आणि गोल करून बसला. एकदा झालं तर योगायोग म्हणू. चौथ्यांदा झालं तेव्हा ती आठव्यावरून तिसरी आली होती आणि माझी झोप उडाली होती. कुठेतरी पाणी मुरत होतं.

पहिला संशय हजेरीबाईवर. गुणांचा कागद तीच भरते, आणि दोघी एकाच वस्तीतून येतात. मी दोन संध्याकाळी गाडीत बसून सगळ्या टीमांचे गुण पुन्हा मोजले. बरोबर होते. एके ठिकाणी मलाच एक गुण जास्त मिळाला होता. त्याबद्दल मी काही बोललो नाही.

मग संशय क्लबवर. मैदानावर सामान सांभाळणारा एक माणूस आहे, पिशव्या तोच माझ्या ताब्यात देतो. एक दिवस डागताईने माझ्याकडे घडी घातलेली चिठ्ठी दिली. "त्या सामानवाल्याला द्या, भाऊ. विसरू नका." सापडली, म्हटलं. पहिल्याच वळणावर गाडी बाजूला घेतली आणि चिठ्ठी उघडली. आत लिहिलं होतं, मोज्यांचे बोळे करून टाकू नका, आतला चिखल वाळतो आणि निघत नाही, सरळ करून टाका. मी उलटसुलट करून पाहिलं, उजेडात धरून पाहिलं. मोज्यांशिवाय त्यात काहीही नव्हतं. पुन्हा घडी घालून दिली.

दर मंगळवारी ती मला विचारायची, "दाढ कशी आहे, भाऊ?" मला वाटायचं, ही खडा टाकून बघतेय. मी म्हणायचो, ठणकतेय. एकदा तिने कसलीशी पूड पुडीत बांधून आणली, दाबून धरा म्हणाली. ती पूड मी हॉस्पिटलच्या वळणावरच्या कचरापेटीत टाकली. काय सांगावं.

शेवटी एका दुपारी मी पिशव्या उतरवून गेल्यासारखं केलं आणि मोठ्या ड्रायरच्या मागे उभा राहिलो. क्लबच्या पिशव्या तिने टेबलावर उपड्या केल्या. सरावाचे कपडे होते, प्रत्येकावर नंबर. ती एकेक उचलत होती. एका शर्टाचे कोपर बघितले. एका पँटवरचा गवताचा हिरवा डाग अंगठ्याने चोळला. मग अकरा नंबरचा डावा मोजा नाकाशी नेला, क्षणभर थांबली, उजवा हुंगला आणि दोन्ही टबात टाकले. तेवढ्यात माझ्या डोक्यात प्रकाश पडला. डाव्या मोज्याला मलमाचा वास. म्हणजे अकरा नंबरचा डावा पाय दुखतोय आणि तो सांगत नाहीये.

बाईला सगळं कपड्यांवरून कळत होतं. ज्याचा शर्ट कोरडा त्याने सराव केला नाही. बाकावरच्या पोराचे कपडे चिखलाने माखून यायला लागले की कोच त्याला घासतोय, लवकरच उतरवणार.

मी ड्रायरमागून बाहेर आलो. माझा तोल गेलाच होता. "ताई, ही चोरी आहे," मी म्हणालो.

ती दचकली नाही. "काय चोरलं मी, भाऊ?"

"आम्ही पेपर वाचून टीम लावतो आणि तुम्ही मोजे हुंगून."

"पस्तीस वर्षं हुंगतेय," ती म्हणाली. "तेव्हा तुमचा खेळ नव्हता. आणि पिशव्या तर तुम्हीच आणता. रोज दोन तास गाडीत तुमच्या पाठीमागे असतात. उघडून बघायला कोणी अडवलंय?"

नाकाला मिरच्या झोंबल्या. खरंच होतं. मी तेवीस वर्षं त्या पिशव्या मोजत आलो होतो, उघडली एकही नव्हती. इतरांना सांगून तिला खेळातून काढावं असंही मनात आलं. पण मग सगळेच तिच्या टेबलाभोवती गोळा झाले असते. त्यापेक्षा तिचीच युक्ती आपण वापरावी, असं मी ठरवलं.

त्या दिवसापासून मैदानाच्या मागच्या भिंतीशी गाडी लावून मी पिशव्या उघडायला लागलो. काय वास असतो म्हणून सांगू. डोळ्यात पाणी यायचं. पण गाडी रुळावर आली. दोन कोरडे शर्ट सापडले, दोन खेळाडू वेळेत बदलले. सीझनचा शेवटचा आठवडा राहिला तेव्हा कागदावर मी पहिला होतो, डागताई दुसरी, मधे फक्त सहा गुण. मुलीला फोन करून सांगितलं, तिकीट रद्द करू नकोस, जवळजवळ झालंय. ती फोनवर हसली. कितीतरी दिवसांनी मोकळं हसली.

शेवटच्या मंगळवारी सकाळी पिशवी उघडली. नऊ नंबरचा शर्ट पिशवीतच नव्हता. पुन्हा सगळं उपसलं. एक ते बावीस सगळे होते, बिननंबरी एक होता, नऊ मात्र नाही. म्हणजे माझा हुकमी खेळाडू सरावाला आलाच नव्हता. आजारी असेल, पाय मुरगळला असेल, काहीही असेल. शनिवारी तो खेळला नाही तर माझी सहा गुणांची आघाडी वाहून जाणार.

चहाच्या वेळी कागदाभोवती सगळे जमले. मी जाहीर केलं, "नऊ नंबर सोडला."

मशीनवरच्यांनी एकमेकांकडे बघितलं. डागताई कप खाली ठेवून म्हणाली, "भाऊ, नऊ नंबर सोडू नका."

"का?"

"ऐका माझं. त्याचा शर्ट..."

"शर्टाचं मला कळतं आता," मी म्हणालो. तिचं पुढचं मी ऐकूनच घेतलं नाही. दुसऱ्या नंबरवर असलेली बाई पहिल्या नंबरवाल्याला त्याच्या भल्याचं सांगते? इतका काही मी दुधखुळा नाही. तिला मी फसायलाच हवा होतो, म्हणजे नऊ नंबर घरी झोपणार आणि मी त्याच्या भरवशावर बसणार. मी दुसऱ्या क्लबचा एक बरा गडी मनात हेरून ठेवला.

आता उचलायची पाळी तिची होती. पहिला असल्यामुळे मी सर्वांत शेवटी उचलणार आणि ती माझ्या आधी. नियमाप्रमाणे सोडलेला खेळाडू लगेच मोकळा होतो. तिने थोडा वेळ कागदाकडे पाहिलं. "तुम्ही सोडलाच आहे, तर मी घेते," ती म्हणाली. "अजून विचार करा. शाई वाळली नाही." मी माझा गडी लिहून टाकला आणि कप धुवायला निघून गेलो.

शनिवारी नऊ नंबरने तीन गोल मारले.

सोमवारी मी तडक तिच्या टेबलाशी गेलो. काय बोलणार होतो ते मलाही माहीत नव्हतं. तिने न विचारता टबातून एक शर्ट वर काढला आणि पिळून माझ्यापुढे पसरला. पाठीवर नऊ. "त्या मंगळवारच्या आधीच्या शुक्रवारी डांबर लागून आला होता. दहा दिवस भिजत ठेवलाय. डांबर एका दिवसात निघत नाही. त्याला बिचाऱ्याला बिननंबरी शर्ट दिला होता घालायला. तो नव्हता बघितला तुम्ही? खांद्यापर्यंत चिखल होता त्याला. सगळ्यांत जास्त तोच पळाला त्या दिवशी."

बघितला होता. बघून बाजूला टाकला होता. नंबर नव्हता ना त्याच्यावर.

"सांगत होते मी," ती म्हणाली. आवाजात कुजकेपणा नव्हता, तेच जास्त लागलं. ती मला खरंच सांगत होती. एवढ्या दिवसांत त्या बाईने मला एकदाही खोटं सांगितलं नव्हतं, आणि मी एक शब्द खरा बोललो नव्हतो.

दुपारी तक्ता भरायला सगळे जमले. पहिली डागताई, चार गुणांनी. दुसरा मी. अजून आशा होती. आठ आठवड्यांतला एकच ती घेणार, उरलेल्या सातांत तिसरा असला की माझं काम झालं. हजेरीबाईने तिच्या हाती पेन दिलं. तिने तक्त्यावरून बोट फिरवलं आणि तिसऱ्या आठवड्यापुढे स्वतःचं नाव लिहिलं.

मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तुमचा आठवा मोकळा ठेवलाय, भाऊ. मी पहिली आले तरी घेणार नव्हतेच. या सगळ्यांनाही मागच्या महिन्यातच सांगून ठेवलंय, आठव्याला कोणी हात लावायचा नाही, दाढेचं दुखणं वाईट. मला काय, तिसरा काय आणि चौथा काय. सासूचं करायला घरीच बसायचं."

सगळे माझ्याकडे बघत होते. मशीनवरचा एक जण म्हणाला, "घ्या, लिहा. आता दाढ काढूनच या." इस्त्रीवाल्याने माझ्या पाठीवर थाप मारली.

एक वाक्य पुरलं असतं. ताई, मला तिसरा हवाय, मुलगी येतेय. तिने तिथल्या तिथे खोडून दिलं असतं, हे मला तेव्हाही दिसत होतं. पण त्या वाक्याआधी दुसरं बोलावं लागलं असतं. मला दाढ दुखत नाही, कधीच दुखत नव्हती, सहा महिने मी तुम्हा सातही जणांना बनवत आलो. ज्या बाईला मी चोर म्हणालो होतो तिच्यासमोर, तिच्या पुडीसकट, ते बोलायचं होतं. शिवाय खरं सांगतो, त्या क्षणीसुद्धा मनाचा एक कोपरा म्हणतच होता, हिला कळलं असेल का? मुद्दाम तर नाही ना घेतला तिसरा?

मी पेन घेतलं आणि आठव्या आठवड्यापुढे नाव लिहिलं. "आभारी आहे," असंही म्हणालो.

संध्याकाळी हॉटेलच्या मागच्या दाराशी गाडी उभी करून मी मुलीला फोन लावला. रजा मिळाली नाही म्हणून सांगितलं. तिकडे कोणीतरी ट्रॉली ढकलत नेत असल्याचा आवाज येत होता.

"बाबा," ती म्हणाली, "मी येतेय हे सांगितलं होतं ना तुम्ही त्यांना? मागितली होती ना रजा?"

"हो," मी म्हणालो. "सगळ्यांना विचारून पाहिलं. कोणी द्यायला तयार नाही."